आईच्या मशीनचा चोरकप्पा

९ मार्च

प्रिय छकू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, असं सवयीने लिहून गेलो. आईचा गुडघा आता जरा बरा आहे. तुझ्या वहिनीने शाळेत रजा टाकली आहे. ती शिक्षकांच्या खोलीत शिरली की बोलणी थांबतात म्हणे.

झडतीचं बातम्यांत पाहिलंच असशील. मंगळवारी सकाळी मी दाढी करत होतो. बेल वाजली, तुझ्या वहिनीला वाटलं दूधवाला. केंद्रीय तपास पथकाची माणसं होती. त्यांच्या प्रमुख बाईंनी वॉरंट पुढे धरलं आणि म्हणाल्या, "खासदारसाहेब, फोनला हात लावू नका. इथे बसा." मी बसलो. अर्ध्या गालावर साबण तसाच. घाबरायला हवं होतं गं. पण साबण वाळून कातडी ओढली जात होती, तेवढंच कळत होतं.

त्यांनी गाद्या उलटल्या, पिठाच्या डब्यांत हात घातले. आईने एकाला विचारलं, "बाळा, काय हरवलंय तुमचं?" तो बिचारा ओशाळला.

मग बाई आईच्या खोलीत गेल्या. कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ शिलाई मशीनपाशी वाकल्या, पेटीच्या तळाशी बोट घातलं आणि चोरकप्प्याची कळ दाबली. शोधली नाही, दाबली. लहानपणी आपण दोघं तिथे गोट्या लपवायचो. तुझ्या वहिनीलाही तो कप्पा ठाऊक नाही. आई तर केव्हाच विसरली.

फोन निघाला. पुलाच्या कंत्राटदाराशी मी त्यावरूनच बोलायचो, हे तुला वेगळं सांगायला नको. त्या पुलापायीच तू माझं ऑफिस सोडलंस.

मला राग आला नाही. अजून येत नाही. येईल म्हणून वाट बघतोय.

काल वकील आले होते. म्हणाले, "ऑफिस बहीणच सांभाळायची ना? फोन तिचा होता म्हणा. सुटाल."

तुझी वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

"फोन माझा आहे," मी म्हटलं.

"विचार करून सांगा."

"करून झालाय."

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. आज सकाळी मी पथकाला तेच लेखी दिलं. तुझ्यावर काही येणार नाही, काळजी करू नकोस. राजीनामाही पाठवला. सही एखाद्या पाकिटाची पोच द्यावी तशी केली.

तुला मी काही विचारणार नाही. तूही काही सांगू नकोस.

आई रोज म्हणते, छकू कधी येणार? तिला भेटून जा. माझ्यासमोर यायचं जड वाटत असेल, तर थोडं थांब. लवकरच मी घरी नसेन.

तरीही तुझाच,
दादा