डबी वाजत नाही

१२ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

म्हणजे तू पुन्हा जाडच बार शोधायला लागलास. मागच्या दोन पत्रांत मी कोकलून सांगितलं, ते वाचून उशीखाली ठेवलंस वाटतं. वर मलाच विचारतोस, सातवी नापास पोराने अठरा वर्षं घाट चालवणाऱ्याला शिकवायचं का? शिकवायचं. मी पुस्तकात नापास झालो, पान्यात नाही.

आईला वळणावर ओकारी होते, गाडी एका अंगावर कलते, हे मला कळतं. आठवड्यातून दोनदा डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जाऊन रक्त धुवून घ्यायचं आणि येताना तोंडाला पिशवी लावून बसायचं, हे मलाही बघवलं नसतं. पण नीट ऐक. बार म्हणजे काय, तर डाव्या-उजव्या चाकांना खालून जोडणारी सळई. गाडी कलायला लागली की ती पिळली जाते आणि गाडीला सरळ धरते. जितकी जाड तितकी हट्टी. आपल्या गाडीला पुढे काडीसारखी एक आहे, मागे मुळीच नाही. तू आधी पुढची चांगली घाल. तिची रबरंही बदल, जुनी आहेत ती बाबांच्या वेळची असणार. तेवढ्यानेच निम्मं कलणं जाईल. मागे घालायचीच तर बारीक घाल, पुढच्या सळईच्या जोडीने. एकटी मागची नको. इथे शर्यतीच्या गाड्यांना आम्ही रोज बार घालतो, रोज काढतो, म्हणून सांगतो. आणि सगळ्यात जाड तोच सगळ्यात चांगला असं सांगणारा तुझा दुकानदार स्वतः बसने येतो-जातो, हे विसरू नको.

बाबांची डबी अजून समोरच्या काचेखालच्या फळीवर आहे ना? नटबोल्टांनी भरलेली ती डबी घसरून दाराला टण्ण लागली की पाय उचलायचा, एवढीच त्यांची शाळा. मी त्या एकाच शाळेत पास झालो.

आईला नमस्कार. वहिनींना सांग, त्यांच्या मोज्यांमुळे इथल्या हिवाळ्यातही पायाची बोटं माझीच राहिली. राग धर, पण माया सोडू नको.

तुझा,
बारक्या


२६ जुलै

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं व्याख्यान पोचलं. तुझ्या वहिनीने आईला मोठ्याने वाचून दाखवलं, दुकानदार बसने जातो तिथे आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यासाठी तुला माफ केलं.

बार घातला. मागचा. जोडीची किंमत ऐकून मी दुकानातून उलट्या पावली बाहेर आलो. भंगारवाल्याकडे एका मोठ्या गाडीचा मागचा बार पडला होता, माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. आपल्या गाडीला बसावा म्हणून त्याला धरायला लोखंडी कान वेल्डिंग करून घेतले. आणि बारक्या, काय सांगू! गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते. कलणं नाही, डुलणं नाही. आईला परवा पिशवी लागली नाही. येताना तिने शेजारच्या मास्तरीणबाईंची नक्कल करून दाखवली. किती महिन्यांनी तिच्या तोंडून असलं काही ऐकलं ते तूच आठव. आता सांग, यात माझं काय चुकलं?

डबीचं विचारलंस. ती जागची हलत नाही. झऱ्याच्या वळणावर, जिथे रस्ता बारा महिने ओला आणि जिथे बाबांच्या हातूनही ती वाजायची, तिथेसुद्धा गप्प. म्हणजे एवढी वर्षं मी उगाच मुंगीच्या पावलाने जात होतो. आता फेरी लवकर होते, म्हणून दवाखान्याचेच आणखी दोन पेशंट आईबरोबर न्यायला घेतले. एक म्हातारे शिंपी आहेत, दुसऱ्या त्यांच्या बहीण.

जेवत जा वेळेवर. तुझ्या शहाणपणावर नाही, तुझ्यावर जीव आहे.

तुझा,
दादा


६ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीखाली आडवा पडून वाचलं आणि तसाच पडून राहिलो. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना वाटलं मला चक्कर आली.

दादा, आई हसली हे वाचून मलाही भरून आलं. म्हणून हे लिहायला हात धजत नाही. पण डबी गप्प आहे ती तू सावकाश जातोस म्हणून नाही. गाडी कलायची, डबीखालची फळी कलायची, म्हणून डबी घसरायची. आता जाड बार गाडीला कलूच देत नाही. फळी सपाट, डबी जागेवर, आणि चाकं मात्र जास्तच ओढ खातायत. बाबांनी ती डबी कलणाऱ्या गाडीवर बसवली होती. या गाडीचं तिला काही कळत नाही. आपण मात्र लहानपणापासून तिच्याच आवाजावर पाय उचलत आलो.

दुसरं त्याहून वाईट. पुढे काडी आणि मागे अंगठा, अशी गाडी ओल्यावर सुटली की पुढून सुटत नाही, मागून सुटते. इथल्या अंगणात मिस्त्रींनी मुद्दाम पाणी मारून मला दाखवलं. गाडी छान सरळ, शहाण्यासारखी वळत होती. मग काही न सांगता तिचं शेपूट पुढे आलं. इथे अंगण होतं, म्हणून आम्ही हसलो. झऱ्याच्या वळणाला अंगण नाही, दरी आहे.

बार काढू नको म्हणत असशील तर राहू दे. बाराचं टोक चाकाकडे जोडणारी छोटी दांडी असते, तिचा नट सोड आणि दांडी बाजूला बांधून ठेव. बार तिथेच लटकेल, काम करणार नाही. पुढचा मी इथून जुन्यातला चांगला बघून पाठवतो. तोवर आईला पिशवी लागली तर लागू दे.

वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवता म्हणून ही ओळ तुमच्यासाठी. दादा ऐकला नाही तर तो नट तुम्ही सोडा. चौदाचा पाना, उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला. ही ओळ मोठ्याने वाचू नका.

चिडलास तरी उत्तर लिही. तेवढीच माझी भाकर.

तुझा,
बारक्या


१८ ऑगस्ट

प्रिय भाऊजींस स. न. वि. वि.

ती ओळ मी मनात वाचली आणि खोकून पुढच्या ओळीवर गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं.

तुमचं पत्र ऐकून हे हसले. म्हणाले, शर्यतीच्या गाड्या पुसून पुसून पोरगा घाबरट झाला. मग मीच गाडीखाली शिरले. नट हलेना, पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा सुटला. कपाळाला ग्रीस लागलं ते मी चुलीची काजळी म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर डबी टण्ण वाजली. सासूबाई मागून म्हणाल्या, ऐकलंस का, तुझे बाबा बोलले. यांनी तिथेच गाडी थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. संध्याकाळी दांडी परत जोडली आणि नटावर वेल्डिंगचा ठिपका मारून आणला. डबी खुर्चीखाली फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. म्हणाले, तिच्या आवाजाने आईला धडकी भरते.

भाऊजी, तुम्ही लिहिलं तसंच एकदा झालं. गेल्या मंगळवारी मी बरोबर होते. झऱ्याच्या वळणावर गाडीचं मागचं अंग हातभर दरीकडे सरकलं आणि परत आलं. हे म्हणाले, खडी होती. शिंपीकाकांनी पुढची खुर्ची घट्ट धरली. सासूबाई झोपल्या होत्या. यांचे हात त्यानंतर घरी येईपर्यंत स्टिअरिंगवर पांढरे पडले होते, पण तसं म्हटलं तर मलाच खोटं पाडतील. तुमचं खरं ठरलं असं यांना आता म्हणताच येत नाही, तीच तर खरी अडचण.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मोठे डॉक्टर येणार आहेत. घरच्यांना बोलावलं आहे, म्हणून मीही जाणार. गाडी भरलेली असेल. डबी मी गुपचूप मांडीवर घेऊन बसणार आहे. काय उपयोग ते मलाही माहीत नाही.

तुमची आठवण रोज निघते, तशी आमचीही निघू द्या.

तुमची,
वहिनी


३० ऑगस्ट, बुधवार

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र आज मिळालं. त्यांच्यावर ओरडू नको, पाना मीच त्यांच्या हातात दिला.

दुपारी मिस्त्रींच्या कचेरीतून दवाखान्यात फोन लावला. फोन उचलणाऱ्या बाई भल्या होत्या. तुमच्याकडे दोन दिवस पावसाची झड आहे म्हणाल्या. झऱ्याच्या वळणावर हळू जा, हा निरोप शुक्रवारी पेशंट आले की नक्की देते म्हणाल्या. मी तीनदा सांगितलं, आल्यावर नको, निघण्याआधी द्या. त्या म्हणाल्या, निघण्याआधी कसा देणार, तुमच्या गावात फोन कुठे आहे? तेव्हा निरोप मिळालाच तर तो परतीच्या वाटेपुरता मिळेल. झऱ्याचं वळण जातानाही आहे.

पुढचा बार मिळाला. चांगला आहे, रबरं नवी घातली. उद्या मालाच्या गाडीने निघेल. मिस्त्रींनी अर्ध्या किमतीत दिला आणि म्हणाले, भावाला सांग, जिंकलास तू, आता हळू जा. मीही तेच म्हणतो. तू जिंकलास. तुझ्या गाडीने आई हसली, माझ्या पत्रांनी नाही. आता हळू जा.

हे पाकीट पोचेपर्यंत शुक्रवार होऊन गेलेला असेल. तू स्वतः फोडलंस तर मला पोटभर हस, आईला वाचून दाखव, तिलाही हसू दे. मग बार बसेपर्यंत आईला आणि शिंपीकाकांना दुसऱ्याच्या गाडीने ने, त्याचं भाडं सोबत आहे. दुसऱ्या कुणी फोडलं असेल तर त्यांनी हे पैसे लागतील तिथे लावावेत आणि दवाखान्यातून इथल्या कचेरीत फोन करावा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मी फोनपाशीच बसलेला असेन.

डबी जागेवर ठेव. वाजो न वाजो. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
बारक्या

सोबत सहा हजार चारशे.