सुटलं म्हणजे कोणी सोडवलं

मुलुंड (पूर्व)
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. अनिरुद्धचा खोकला एकदाचा गेला. गार्गीचं कॉलेज सुरू झालंय, त्यामुळे ती घरी फक्त जेवायला असते. आईचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठडा धरते ना?

पत्र बघून तू म्हणशील, बोरिवली काय सातासमुद्रापार आहे का? पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "बरं बरं, ठेवते" म्हणतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. कागदावर खोडाखोड निदान दिसते.

प्रबंधासाठीच्या मरोळच्या मुलाखती संपल्या. औषधांच्या खोक्यांचं पॅकिंग करणाऱ्या वीस बायकांशी बोलले. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण त्यातून तुझ्यापर्यंतच यायचंय.

आधी निकाल.

१२ जुलैला तू लोणचं घेऊन आलीस, तेव्हा फ्रिजवर एक कागद लावलेला होता. गार्गीने लावला होता. तू चष्मा वर करून वाचलास आणि विचारलंस, "१.३? दहापैकी?"

मी चहा करत होते. मी गॅस बारीक केला.

'हो' म्हणाले नाही, ताई. पण 'नाही'सुद्धा म्हणाले नाही. तू मागून येऊन माझ्या पाठीवर हात ठेवलास. "जाऊ दे गं सुलू. या वयात परीक्षेला बसलीस हेच खूप." वर्षभर तू मला 'विद्यार्थिनीबाई' म्हणत होतीस. दोन देशांतली दोन विद्यापीठं मिळून एकच एमए देतात, पहिलं वर्ष इथे आणि दुसरं जर्मनीत, हे सांगितल्यावर तू विचारलं होतंस, "जॉइंट अकाउंटसारखं का गं? एकाने सही केली नाही तर डिग्री अडकणार?" सगळे हसले होते, मीसुद्धा. त्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा 'सुलू' ऐकलं. पुढच्या रविवारी तू माझं सांत्वन करायला साजूक तुपातला शिरा घेऊन आलीस. मी तो खाल्ला. दोनदा वाढून घेतला.

तर ऐक. जर्मन पद्धतीत एक म्हणजे सर्वांत वर. आकडा जितका लहान तितकं चांगलं. चारच्या पुढे गेलं की नापास. आमच्या तुकडीत चौदा जण आहेत, बहुतेक गार्गीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांच्यात १.३ दोघांनाच मिळाले. त्यातली एक मी.

हे मी पाच आठवडे लपवलं. अनिरुद्धला म्हटलं, "ताईला मीच सांगते." तो दर शनिवारी विचारतो, "कधी?" बाकी काही बोलत नाही. त्याचा तो 'कधी' टोमण्यापेक्षा जास्त लागतो.

काल माझी वही काढून बघितली. १२ जुलैच्या पानावर लिहिलंय: 'ताई येऊन गेली. निकालाचं सांगायचं राहिलं.'

राहिलं! जणू दूध आणायचं राहिलं. ते राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. तुझी माया हवी होती, आणि ती मला नापास झाल्यावरच मिळत होती, म्हणून ठेवलं. याची मला लाज वाटते. लाज वाटते म्हणून मी गप्प बसेन असं मात्र समजू नकोस.

कारण आता त्या गप्प बसण्यावर तू इमारत उभी केली आहेस. मी मोकळी झाले असं धरून तू २१ सप्टेंबरला आईला माझ्याकडे आणायचं ठरवलंस. तुझ्या केयूरकडे दोन महिने राहायला म्हणून २५ तारखेचं बंगळुरूचं तिकीट काढलंस. आणि मी २४ तारखेला जर्मनीला निघते आहे. व्हिसा आलाय. हे वाचून तुझ्या तोंडून काय निघेल ते मला इथे ऐकू येतंय.

थांब, कागद फाडू नकोस. मरोळचं सांगायचंय.

तिथल्या बायकांना मी विचारायचे, "शाळा का सोडलीत?" एकीनेही 'सोडली' म्हटलं नाही. सगळ्या म्हणाल्या, "सुटली." कल्पिता म्हणून एक आहे, माझ्याच वयाची. तिला विचारलं, "सुटली म्हणजे? कोणी सोडवली?" तर हसायला लागली. "सुटली म्हंजे सुटली मॅडम. घंटा वाजली, सुटली!" शेजारच्या टेबलावरच्या बायकासुद्धा खोकी खाली ठेवून हसल्या.

मुलाखतींचं इंग्रजी करून जर्मनीतल्या बाईंना पाठवावं लागतं. त्या माझ्या दुसऱ्या मार्गदर्शक. त्यांनी प्रत्येक ठिकाणी समासात एकच प्रश्न लिहिला: कोणी? शाळा सुटली, कोणी? शिक्षण राहिलं, कोणी? लग्न झालं, कोणी ठरवलं? मला राग आला. वाटलं, या बाईंना आपली भाषा कळत नाही. आपल्याकडे गोष्टी होतात, दर वेळी कोणी करावं लागत नाही. असं रागारागाने उत्तरही लिहायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला थांबले.

पुन्हा कल्पिताकडे गेले. ती बराच वेळ पट्टी चिकटवत राहिली. मग म्हणाली, "आईने. भाऊ झाला ना, त्याला सांभाळायला. पण आईचं नाव नका लिहू हां, ती आता माझ्याकडेच असते." नाव लिहिलं नाही. पण तिच्या तोंडून ते एक वाक्य निघालं, तेव्हा तिने पट्टीचं रीळ खाली ठेवलं होतं, हे लिहिलं.

आता आपलं घर. आपल्या घरात एक वाक्य आहे: 'ताईचं एमए सुटलं.' लग्नात, बारशात, कोणी नवीन भेटलं की तू त्याला पुढचं जोडतेस: 'सुलूसाठी.' एकोणतीस वर्षं मी ते ऐकून मान खाली घालते आहे.

मला ते रात्रीचं जेवण आठवतं. तुझं पहिलं वर्ष झालं होतं, समाजशास्त्रात तू वर्गात पहिली होतीस. विमा कंपनीचं पत्र आलं आणि बाबा भात कालवत म्हणाले, "दर्शना, सोमवारी रुजू हो. दोघींचं काही जमायचं नाही." तुला विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. मी सोळा वर्षांची होते. मी ताटातून डोकं वर काढलं नाही, एवढं माझं आहे आणि ते मी कबूल करते. तुझ्या पगारावर मी शिकले, तेही माझं आहे. पण तुझं एमए सुटलं नाही, ताई, आणि मी सोडवलंही नाही. बाबांनी सोडवलं. तुझं बाबांवर फार प्रेम होतं, म्हणून ते वाक्यात कधी आलेच नाहीत. त्यांच्या जागी तू मला बसवलंस.

हे लिहिताना माझाच मला संशय येतो. माझ्या सोयीचं म्हणून तर मला हे सुचत नाही ना? असेल. सोयीचं असलं म्हणून खोटं ठरत नाही. मी मुलुंडला बसून राहिले तर तुझं एमए पुरं होत नाही. झालं असतं तर मी राहिले असते, शपथेवर सांगते.

गुरुवारी तू बाजारात गेली होतीस तेव्हा आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला आश्चर्यच वाटलं नाही. म्हणाली, "दर्शना म्हणाली, बिचारीने नापासाचा कागद फ्रिजवर लावलाय. तेव्हाच मला कळलं. नापासाचा कागद कोण फ्रिजवर लावतं गं?"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू थांबलं. आईला जे बोरिवलीत बसून कळलं, ते तुला कागदासमोर उभं राहून कळलं नसेल? तू जन्मभर लोकांचे दावे तपासलेस. एक आकडा खटकला तर फाइल परत पाठवायचीस. त्या कागदावर आकड्याखालीच इंग्रजीत लिहिलंय, 'अतिशय उत्तम.'

मला ते 'नापास' हवं होतं. तुलाही हवं होतं का, ताई? मी रागाने विचारत नाही. खरंच विचारते आहे.

तुझं तिकीट रद्द करायचं नाही. आई ठरल्याप्रमाणे इथे येईल. तू म्हणशील, लेक घरात नाही आणि आई जावयाकडे? लोक काय म्हणतील? आईलाही हेच विचारलं. ती म्हणाली, "त्याला चहा बरा जमतो. आणि तो विचारल्याशिवाय सल्ला देत नाही." हा दुसरा टोमणा तुला की मला, ते तूच ठरव. व्यायाम करून घेणाऱ्या बाई सकाळी येणार आहेत, रात्री गार्गी आईच्या खोलीत झोपणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तुला गृहीत धरून काही ठरवलेलं नाही. तू मात्र मला धरलं होतंस.

एवढं लिहून झाल्यावर वाटतं, हे पत्र फार कडक झालं. पण मऊ लिहायला बसले की माझ्या हातून पुन्हा तीच क्रियापदं येतात, ज्यांच्यामागे कोणीच नसतं. म्हणून असंच पाठवते. तू रागावशील. रागावलीस तर 'राग आला' असं लिहू नकोस, 'मी रागावले' असं लिही. मी ते नीट वाचेन.

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तूच मला शिकवलंस, चुकले तर उंबऱ्यातून परत बोलवायचीस. या वेळी बोलवू नकोस.

मी जाते.

तुझी धाकटी बहीण,
सुलक्षणा