दोन नंबरचं मशीन

३ जून, खापर

लागले एकदाची नोकरीला! सकाळच्या एसटीने शहाद्याहून निघाले, अक्कलकुव्याला गाडी बदलली आणि दहाच्या आत दवाखान्यात हजर. अब्बांनी, म्हणजे सलाउद्दीन पिंजारींनी, जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या आणि त्यातून दमा कमावला. त्यांची धाप बघत मोठी झाले म्हणून मी रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घेतली. चार वर्षं शिकल्यावर कळलं की जिल्ह्यात या पदाचं नावही कुणी ऐकलेलं नाही. मोहल्ल्यात मी 'ऑक्सिजनवाली'. मुलाखतीला जाईन तिथे एकच प्रश्न, नर्सिंग येतं का? उमाकांत सर इथले मालकही आणि डॉक्टरही. आपल्याला थेरपिस्टच हवा, असं ते ठणकावून म्हणाले तेव्हा मला रडूच आलं. सहा महिने ट्रेनिंग, मग पक्की ऑर्डर. ऑगस्टपासून ते इथेच या विषयाचा डिप्लोमा काढणार आहेत. धाकट्या बहिणीला, अतिकाला, त्यात प्रवेश हवाय. मी बजावलंय, आधी मला बघू दे, मी हो म्हटल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही.

आयसीयूत खाटा चार, व्हेंटिलेटर दोन. भिंतीवर माझ्या आधीच्या थेरपिस्टचा, जावेदचा, हसरा फोटो. खाली लिहिलंय, 'आमचे यशस्वी प्रशिक्षणार्थी, सध्या सौदीत.'

७ जून

रुग्णाला लावण्याआधी मशीन एका रबरी फुग्यावर चालवून बघतात. त्याला टेस्ट लंग म्हणतात. इथला फाटलाय. नवा मागितला तर सीमा सिस्टर हसल्या. इथे थेरपिस्टच नळी तोंडात धरतो, जावेदनेही धरली होती, असं त्यांनी सांगितलं. पुस्तकात असं कुठेच नाही. पण पहिल्याच आठवड्यात नखरे कोण करणार? दोन नंबरच्या मशीनची नळी मिनिटभर तोंडात धरली. त्याने माझा श्वास ओढला, परत दिला. जरा कमीच दिला असं वाटलं. मशीनवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली गेली: नमिरा. एक नंबरवर जावेदची आहे.

१५ जून

काठी गावाकडचे एक रुग्ण, बाज्या, दोन नंबरवर आहेत. गुजरातेत मजुरीला गेले आणि न्यूमोनिया घेऊन आले. मी मशीन मिनिटाला चौदा श्वासांवर लावलं, ते चालतं अठराने. मी जिना चढून आले की सव्वीसने. मी पाणी पिताना श्वास धरते, तेव्हा तेही थांबतं. त्यांची बायको दिवलीबाई खाटेपाशी बसलेली असते. ती मॉनिटरकडे बघतच नाही, माझ्या छातीकडे बघते. सीमा सिस्टरना सांगितलं. सलाईन बदलता बदलता त्या म्हणाल्या, "पोरी, ते तुन्हावरच चाली ऱ्हायनं. आते सवय करी ले."

२८ जून

दुपारी तीन तास वीज नव्हती. दोन नंबर चालत राहिलं. एक नंबरही. रिकाम्या खाटेशी, मिनिटाला सोळा. मी त्याची पिन उपटून हातात धरली. तरी सोळा.

३ जुलै

बाज्या बरे होऊन घरी गेले. दिवलीबाईने माझे हात कपाळाला लावले. त्यांचं मशीन सुटलं, पण ते बंद होत नाही. बावीस वर्षांची आहे मी आणि जिना दोनदा थांबून चढते.

५ जुलै

जावेदच्या घरी फोन लावला. त्याची आई, अख्तरबानो, रडत होती. सौदीला तो कधी गेलाच नाही. रमजानमध्ये घरीच धापा टाकत गेला. म्हणजे माणूस कबरीत आणि त्याचा श्वास इथे ड्युटीवर.

८ जुलै

सरांना तोंडावर विचारलं. चिडले नाहीत. या भागात विजेचा भरवसा नाही, माणसाचा आहे, असं म्हणाले. किती जीव वाचले तेही सांगितलं. त्यांना थेरपिस्ट नको होता, श्वास हवा होता. मी राजीनामा दिला, त्यांनी हसत पक्की ऑर्डर दिली. उद्या पळते. अतिकाला घरी जाऊनच सांगेन, फोनवर अब्बा घाबरतील.

१० जुलै

तळोद्याच्या अलीकडे छाती बंद पडली. बसमधून उतरवलं, परत इथेच आणलं. मशीनजवळ आले की थोडा श्वास मिळतो. खाट दोन नंबरची. मोबाईल सरांकडे.

२१ जुलै

सीमा सिस्टर नजर चुकवतात. माझ्या मोबाईलवरून अतिकाला निरोप गेला — 'हो, भर फॉर्म' — सरांनी स्वतः वाचून दाखवला. शिव्या द्यायच्या होत्या. दोन शब्दांतच दम संपला.

३० जुलै

दहा नवी मशीनं आली. टेस्ट लंग एकही नाही. भिंतीवर माझा फोटो लावला — 'सध्या दुबईत'.

१ ऑगस्ट

पहिली बॅच पडद्यापलीकडे. अतिकाचा आवाज. सगळ्यात पुढे उभी आहे — हौसच फार — हाक मारायला श्वास लागतो, आणि तो —

दोन नंबर त्यांच्यासमोरच आहे. मी श्वास रोखला तर ते थांबेल. ती घाबरेल, पळेल —

रोखलाय. थांबलं —

सर हसले. म्हणाले, बंद पडलेलं मशीन सुरू कसं करायचं, हाच आजचा पहिला धडा — कोण पुढे येतं — अतिका, नको — नळी तिने ओठां