हिरड्यांचं रक्त

प्रिय भोंग्या,

काल तुझ्या घरून आल्यापासून मला हसू आवरत नाहीये. हसू म्हणजे काय, गळ्याच्या भोकातून हवा सुटते, तेवढंच. एके काळी अख्खा बसस्टँड आपल्या आवाजावर हलायचा, आणि काल आपण समोरासमोर एकेक पाटी घेऊन बसलो होतो. वहिनी बिचाऱ्या एकदा तुझी पाटी वाचत होत्या, एकदा माझी. शेवटी वैतागून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

एकाच माइकवर आपण पाळीपाळीने गाड्या पुकारल्या, एकाच पाकिटातल्या सिगारेटी ओढल्या, तेव्हा आपली स्वरयंत्रंही एकाच डॉक्टरीणबाईंनी काढावीत हे ओघानंच आलं. पुढे माझ्यासारखीच तुझ्याही मानेची शिवण उसवली, लाळ जखमेतून झिरपू लागली, म्हणून घशातून अन्ननलिकेत ती मऊ नळी बसवली. लाळ परस्पर खाली जावी, जखम सुकावी, एवढंच तिचं काम. माझी निघाली. तुझी अजून आत आहे. बाईंनी दोघांनाही बजावलं होतं, की नळी आतून घासत राहते आणि शेजारूनच मोठी धमनी जाते. क्वचित, अगदी क्वचित, ती धमनी झिजते. आधी थोडंसं लालभडक रक्त येतं आणि आपोआप थांबतं. ते दिसलं की असाल तसे निघून या, कारण दुसऱ्यांदा आलं तर निघायला सवड मिळत नाही. माझी तर पाचावर धारण बसली होती. डाग लगेच दिसावा म्हणून मी हिला उशीला पांढरेच अभ्रे घालायला लावायचो. तू मात्र बाई सांगत असताना नर्सकडे बघून डोळे मिचकावत होतास.

माझा निरोप समारंभ आठवतो का रे? तुझा आवाज तेव्हा शाबूत होता. साहेबांनी उगाचच मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी ओठ हलवले, भोकातून फुस्स झालं. तेवढ्यात तू माइक चालू केलास आणि पंक्चर झालेली गाडी आज कायमची आगारात जात असल्याचं पुकारलंस. वर माझी फुस्सही करून दाखवलीस, हुबेहूब. सगळे फलाट हसले. कंडक्टर हसले, हमाल हसले, साहेबसुद्धा हसले. माझी लेक मला न्यायला आली होती. ती माझी बाही धरून जमिनीकडे बघत उभी राहिली. मनाला लावून घेऊ नकोस, असं तू नंतर म्हणालास. घेतलं मी लावून. फार लागलं ते मला, भोंग्या. त्या दिवसापासून मी पंक्चरच झालो, जावईसुद्धा माझ्यामागे तसंच म्हणतो.

तर काल. वहिनी आत गेल्या आणि तुला ठसका लागला. तू रुमाल तोंडाला लावलास, काढलास, पाहिलास. मीही पाहिलं. नखाएवढं होतं, ताजं, लालभडक. तू पाटीवर 'हिरड्या' असं लिहून डोळा मारलास. माझ्या हातात खडू होता. नुसती टाळी वाजवली असती तरी वहिनी धावत आल्या असत्या. मी लिहिलं, 'दात घासत जा.' तू हसलास, आणि तुझ्या गळ्यातून फुस्स झालं. अगदी माझ्यासारखंच. काय सांगू, कान तृप्त झाले.

फोनवर संदेश पाठवला तर आत्ता पोचेल, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. लेकही शेजारच्या खोलीतच आहे. पण मी पाकीट चिकटवून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे, आणि पोस्टमन ते त्याच्या सवडीने आणेल. हिरड्या नव्हत्या त्या. हे तू स्वतः वाचत असशील तर चपला शोधत बसू नकोस, तडक बाईंकडे जा, आणि मग जन्मभर माझ्या नावाने बोटं मोड. आणि वहिनी, हे पाकीट तुम्हाला फोडावं लागलं असेल, तर मला काही विचारायला येऊ नका. तसंही मला कुठे बोलता येतं?

तुझाच,
पंक्चर