तोंड आधी, हात मागून

ता. १४, शुक्रवार

प्रिय दादा,
नमस्कार. वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा. आम्ही सगळे बरे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. दोन वर्षांत तेवढंच जमलं.

मुख्य बातमी म्हणजे मला नवा हात बसला. तुझी बहीण आता बॅटरीवर चालते! कोपराखाली कातड्याला दोन सेन्सर टेकतात. मनगट आत वळवायचं मनात आणलं की मूठ मिटते, बाहेर वळवायचं म्हटलं की उघडते. मनगट गेलं, पण ते वळवणारे स्नायू अजून शाबूत आहेत. पहिल्या आठवड्यात सहा पेले चेपले. हातवाल्या बाई हसून म्हणाल्या, "तुमच्याशी हस्तांदोलन नको बाई!"

मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मला कारखान्यात डब्यांच्या झाकणांच्या प्रेसवर परत बसायचंय. बाबांनी प्रेसला जाळी लावली आहे. ती खाली आल्याशिवाय पायडल दबत नाही. हे आधीच करायला हवं होतं, असं दिवसातून दहादा म्हणतात.

मंगळवारी बाई म्हणाल्या, कामावर करायचात तसंच करून दाखवा. मी डब्याचं झाकण धरलं, टेबलावरच्या खुणेवर ठेवलं, सवयीने "हं" म्हटलं आणि हात मागे घेतला. बाईंनी पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. स्नायूंच्या रेघा पडद्यावर उमटत होत्या.

"ताई, तुम्ही 'हं' म्हणता, त्यानंतर मूठ उघडायची रेघ उठते. तोंड आधी, हात मागून."

"सवय आहे," मी म्हटलं.

"कधीपासूनची?"

मी बाटलीतलं पाणी पीत बसले.

दादा, मला पडद्याने नवीन काही सांगितलं नाही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या दुपारी माल द्यायची घाई होती. हात साच्याखाली असतानाच मी "हं" म्हटलं. तू नेहमीसारखी माझ्या "हं"ची वाट बघून पायडल दाबलास. दवाखान्यात बाबांनी विचारलं, "तू हं म्हणाली होतीस का?" मी मान हलवली. नाही म्हणून. मला भीती वाटली होती, की हात माझ्याच चुकीने गेला म्हटल्यावर कुणी माझ्यासाठी रडणार नाही. आणि तू माझं ऐकून स्वतःच्या कानांवरच अविश्वास दाखवलास. "मला भास झाला असेल," म्हणालास, आणि कारखाना सोडून गेलास.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ प्रेस पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याला तू लिही. मी लिहिलं तर तो मलाच समजावत बसेल."

म्हणून लिहितेय. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते. करावंसं वाटलं नाही तर करू नकोस. पण "मी चुकलो" हे पुन्हा कधी म्हणू नकोस, कुणालाच.

मी रोज चारशे वेळा सराव करते. आधी हात बाहेर, मग तोंड. काल चारशेपैकी सात चुकले. सातही चुकायचे थांबले की प्रेसवर बसणार आहे. पायडलवर बाबा बसतील. तुझी जागा आहेच, यायचं की नाही ते तू ठरव.

त्या दिवशी तू बरोबर ऐकलं होतंस, दादा.

तुझी,
ठमी

(सही उजव्या हाताची आहे. कागद दोनदा फाटला.)