बिनगोळीचा आण्णा

२८ जून १९९८, रविवार
आज चौसष्ट पूर्ण. दिसत नाहीत. सूनबाई सुष्मिता म्हणाली, दिसतात. तिचा चष्म्याचा नंबर वाढला असावा.
मोठी बातमी. मंगळवार पेठेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फळा आजपासून माझ्याकडे. आजवर त्यावर फक्त कोण गेलं एवढंच लिहायचे. आता कसं राहायचं ते मी लिहिणार. एसटीत उभा जन्म कंट्रोलर म्हणून गेला. चंदगडची गाडी भर पावसात वेळेवर सोडणाऱ्याला चार म्हातारे वळणावर आणणं काय अवघड?
संकल्प : पहाटे फिरणे. साखर बंद. मीठ कमी. राग बंद. (चहा फिका दिला म्हणून सुष्मितावर ओरडलो, पण ते संकल्पाच्या आधी. धरत नाही.)

३० जून, सकाळी
फिरलो. गंगावेशीपर्यंत. तिथं म्हशी उभ्याच होत्या. धारोष्ण दूध, दोन ग्लास. डॉक्टरांनी तूप, लोणी, साय बंद सांगितलंय. आत्ता धार काढलेल्या दुधाला साय कुठली? पथ्य पाळल्याचं समाधान वाटलं.
येताना रिक्षा. पोट भरल्यावर चालू नये.

६ जुलै
आजचा फळा : ‘गोळी ही सवय आहे. सवय सोडा, आजार आपोआप सुटेल.’ कुठून सुचलं कळत नाही. संघाच्या बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. श्रीपालनं विचारलं, आण्णा, तू कुठली गोळी घेतोस? म्हटलं, एकही नाही.
श्रीपाल म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. कापडाचं दुकान आता मुलगा वृषभ बघतो, हा बाकावर बसतो आणि मी सांगेन ते ऐकतो. मोठा गुणी माणूस.
खुलासा (स्वतःसाठी) : सकाळी चहाबरोबर दानम्मा बीपीची एक गोळी हातावर ठेवते, ती घेतो. पण ती बायकोचं मन राखायला. तिला गोळी म्हणता येणार नाही.

९ जुलै
श्रीपाल लोकांचा, म्हणजे जैनांचा, चातुर्मास सुरू झाला. दरवर्षी तो बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, महाराजांसमोर कशाचा तरी त्याग करतो. कधी पालेभाजी, कधी दही. एकदा घेतलेला नियम मोडत नाही. एका वर्षी जावयाच्या घरी श्रीखंड समोर असताना हात लावला नाही. यंदा त्यानं बीपीच्या गोळीचा त्याग केला. मला सांगायला मुद्दाम आला. म्हणाला, तुझ्या फळ्यामुळं ही बुद्धी झाली. महाराजांना कशाचा त्याग ते सांगितलं नाही, नुसतं ‘एक वस्तू’ म्हणाला.
छाती भरून आली. मग जरा धडधडली.
खरं सांगणार होतो, पण बाकावर चौघे बसलेले. उद्या एकट्याला गाठतो.

१० जुलै
एकटा होता. पण इतका प्रसन्न दिसत होता की मन झालं नाही.

२ ऑगस्ट
वजन वाढलं. दवाखान्यातला काटा नादुरुस्त आहे. डॉक्टरांना तसं सांगितलं, तर त्यांनी स्वतः वर उभं राहून दाखवलं. डॉक्टरांचंही वाढलं असणार.
श्रीपालचं डोकं जड असतं म्हणे. धण्याचं पाणी सुचवलं. बाकावरच्या आणखी दोघांनी गोळी सोडायचा विचार बोलून दाखवला. त्यांना म्हटलं, घाई नको, पावसाळा जाऊ दे. हे मात्र मी चांगलं केलं.
हल्ली गोळी दार लावून घेतो. दानम्मानं विचारलं, चोरासारखं काय घेताय? म्हटलं, वारा लागतो. बोलल्यावर लाज वाटली. सांगणार आहेच मी त्याला. चातुर्मास संपला की नियम आपोआप सुटतो, तेव्हा सांगण्यात शोभाही राहील.

७ सप्टेंबर
श्रीपाल न्हाणीघरात पडला. दशलक्षण पर्वाचे उपास नुकतेच झाले होते, त्यात चक्कर आली. कपाळाला टाके. बीपी एवढं निघालं की डॉक्टरांनी मशीन बदलून पुन्हा मोजलं.
दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतोय, फरशी ओली हुती. माझ्याकडे बघून हसला. मला खुर्चीत बसवेना. घरी पाणी तापत ठेवलंय असं सांगून आलो. दुपारी चार वाजता.

९ सप्टेंबर
गोळी घ्यायला तयार नाही. इंजेक्शन द्या म्हणतो, सलाईन लावा म्हणतो, गोळीचा नियम आहे. डॉक्टर समजावून थकले. त्यांना म्हणाला, “आमचा आण्णा बिनगोळीचा ठणठणीत हाय. मलाच काय धाड भरलीया?” डॉक्टरांनी विचारलं, कोण हे आण्णा? मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर भिंत होती.

१० सप्टेंबर
प्रयत्नांची शिकस्त केली. म्हटलं, आजारपणात नियमाला सूट असते. म्हणाला, तू कधीपासून आमचा शास्त्री झालास? म्हटलं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. म्हणाला, फळ्यावर तसं लिहिलं नव्हतंस. म्हटलं, अर्धी घे. म्हणाला, अर्धा नियम असतो काय?
श्रीपालच्या पत्नी, पद्मावतीवहिनी, जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दानम्मा बरोबर होती. वहिनींचे डोळे सुजलेले. “भावजी, तुमचंच ऐकत्यात ते. पुन्यांदा चक्कर आली तर अंग लुळं पडंल म्हणालेत डॉक्टर. तुमी गोळी कवा सोडलासा? तुमाला कायबी झालं न्हाई?”
म्हटलं, झाली की बरीच वर्षं.
असं का म्हणालो, देव जाणे. घरी आल्यावर दानम्मा चप्पल काढता काढता म्हणाली, “रोज सकाळी मी कुणाला गोळी देतो मग?”

११ सप्टेंबर
चहा मिळाला. गोळी हातावर मिळाली नाही. पाकीट टेबलावर ठेवलेलं, तुमची तुम्ही घ्या. सुष्मिता, मुलगा अमरेश, सगळ्यांसमोर. घेतली.
दानम्माचं म्हणणं एवढंच, की भावजींना सांगून या. मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, वेळ बघायला ती काय गाडी आहे?
मला लाज वाटते. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. श्रीपाल माझ्यामुळे पडला आणि माझ्यासाठी फरशी ओली करून बसला.

१८ सप्टेंबर
त्याला घरी सोडलं. गोळी अजून नाहीच. वहिनी रात्रंदिवस त्याच्या मागे उभ्या असतात म्हणे, पडला तर धरायला. तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. तेवढाच व्यायाम.
फळा कोरा ठेवलाय.

२४ सप्टेंबर
मार्ग सापडला. एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. माझं भाषण आहे, विषय ‘माझ्या निरोगी आयुष्याचं रहस्य’. त्यातच सांगून टाकणार. भाषणाचा चौथा परिच्छेद. चारचौघांत चूक कबूल करायला मोठं मन लागतं. टाळ्याही पडतील कदाचित.

१ ऑक्टोबर, रात्री
शाल मिळाली. नारळ मिळाला. ओळख करून देणारा म्हणाला, चौसष्ट पूर्ण होऊनही एकही गोळी न घेणारे आमचे आण्णा. श्रीपाल पहिल्या रांगेत. डोक्याला मफलर, हाताला वहिनी. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या चालूच.
तिसऱ्या परिच्छेदावरून पाचव्यावर गेलो.
घरी आलो तर दानम्मा नाही. सुष्मिता म्हणाली, कार्यक्रमातनं तशाच आल्या, तुमचा गोळ्यांचा डबा घेतला आणि श्रीपालकाकांकडं गेल्या.
जेवलो नाही. दानम्मा आली, डबा जागेवर ठेवला, झोपली. काय झालं विचारायची हिंमत झाली नाही. शाल अजून अंगावरच आहे. काढली की घडी घालावी लागेल, आणि घडी घालायला दानम्माला उठवावं लागेल.

२ ऑक्टोबर, सकाळी
वृषभ बोलवायला आला. गेलो. वाटेत गंगावेशीकडे बघितलंही नाही.
श्रीपाल कॉटवर बसलेला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मीच बसलो. बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, “पडलो त्याचं न्हाई रं काय. पन तू ‘अर्धी घे’ म्हणालास तवापास्नं कालपातुर वाट बघितली मी, आपणहून सांगशील म्हणून. व्यासपीठावर तुजं तोंड बघूनच कळलं, कायतरी गिळतोयस.”
सॉरी म्हटलं. इंग्रजीत सोपं जातं. मग मराठीतही म्हटलं, चुकलो. रडू येत होतं आणि वहिनी समोर उभ्या.
मग त्यानं सांगितलं. वृषभ आज उजाडताच महाराजांना विचारून आला. औषधाचा त्याग धरत नाहीत, आधी विचारायचं होतं म्हणाले. त्याऐवजी श्रीपालनं नवा नियम घेतलाय. दिवाळीपर्यंत माझा फळा वाचायचा नाही.
वहिनींनी ताटलीत दोन गोळ्या आणल्या. एक त्याची, एक माझी. माझी दानम्मानं काल देऊन ठेवलेली. रोज इथं येऊन घ्यायची असं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही.
म्हणाला, “आदी तू.”
घेतली. पाणी प्यालो. मग त्यानं घेतली. वहिनी भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकलं. महिन्यानं बसल्या असतील.
मी उठायला लागलो तर श्रीपाल म्हणाला, थांब. तोंड उघड.
उघडलं.
वहिनींनी डोळे पुसून चष्मा लावला आणि जवळ येऊन बघितलं. श्रीपाल म्हणाला, आता जीभ वर कर.
केली.