खांबांना लुगडी

ता. ४ जून १९१२

विहिरीला झाकण बसलं. सुतार म्हणाला, एवढं जड झाकण रोज उचलणार कोण? मोलकरीण विशालाक्षी उचलेल — पाणी तीच काढते. स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्याच्या वर येईल असं फाटक लावलं. अडकित्ता, विळी, चुन्याची डबी सगळं फळीवर गेलं. हयग्रीव रांगायला लागल्यापासून घरातली एक वस्तू जागेवर नाही.

सासूबाई दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून बघत होत्या. “आम्ही पाच पोरं वाढवली. कधी दाराला कडी लावली नाही.”

त्यांना झटके येत नव्हते. मला येतात, बाळंतपणापासून. आधी डाव्या हाताला मुंग्या, मग काही कळत नाही. मुंग्या आल्या की हयूला चटईवर ठेवायचं आणि आपण लांब जाऊन आडवं व्हायचं — असं ठरवलं आहे. मी शुद्धीवर नसेन तेवढा वेळ घरानं त्याला सांभाळावं. त्यासाठीच हा खटाटोप.

ता. ९ जून

आज झटका आला. हयू पाळण्यात होता. जीभ चावली गेली, जेवता येत नाही.

ता. १५ जून

ह्यांनी दुकानातून येताना काथ्या आणला आणि माझी जुनी लुगडी मागितली. कूडमातल्या, म्हणजे माजघरातल्या, चारही खांबांना गुंडाळून घट्ट बांधली. हयू धरून उभा राहायला बघतो, आणि मी कुठं पडेन याचा नेम नाही — दोघांचंही डोकं वाचेल. दिवसभर पितळेची भांडी विकणारा माणूस खाली बसून खांबांना लुगडी नेसवतो आहे! विशालाक्षी हसली. मीही हसले. किती दिवसांनी.

वैद्यांचा काढा चालू आहे. फरक काही नाही.

ता. २३ जून

आजचं लिहून ठेवते.

सकाळी हयूला मांडीवर घेऊन भात भरवत होते. मुंग्या आल्या नाहीत. काहीच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा विशालाक्षी ओरडत होती आणि हयू तिच्या हातात होता. तो माझ्या अंगाखाली सापडला होता. ओठ निळे पडले होते म्हणे. उजवा हात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या बांधल्या तेव्हा त्याच्यानं रडवतही नव्हतं.

विहीर झाकली, चूल अडवली. त्याच्यावर पडले ती मी.

ता. २५ जून

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी याला तिरुनीलक्कुडीला नेते,” त्या म्हणाल्या. “विजयलक्ष्मीकडे.” विजयलक्ष्मी माझी नणंद. तिला तान्हं मूल आहे, दूधही आहे.

“किती दिवस?” मी विचारलं.

“तू बरी होईपर्यंत.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते.

“जानकीरामा, गाडी सांग,” सासूबाई म्हणाल्या.

अंगडं मीच घातलं. मोडका हात बाहीतून जाईना, म्हणून बाही उसवली. गाडी निघाली तेव्हा तो बैलांच्या घुंगरांकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

ता. २६ जून

दूध भरून आलं आहे. न्हाणीघरात उभी राहून पिळून टाकलं.

ता. ३ जुलै

फाटक ओलांडताना अजून लुगडं वर धरते, हळू पाय टाकते — पलीकडे तो बसला असेल म्हणून.

दोनदा झटका आला. आता कुठंही पडलं तरी चालतं.

ता. १४ जुलै

हे तिरुनीलक्कुडीला जाऊन आले. हयूच्या हाताच्या कांब्या काढल्या. हात सरळ आहे. दोन दात आले आहेत.

“विजयलक्ष्मीला काय म्हणतो?” मी विचारलं.

ह्यांनी पायांवर पाणी घेतलं, पंच्यानं पुसलं. मला कळलं.

मग मी म्हटलं, “फाटक काढा. मला अडखळायला होतं.”

काढलं. खांबांची लुगडीही सोडा म्हटलं, तीही सोडली. विहिरीच्या झाकणापाशी मात्र थांबले.

“तेही काढा. आता कोणासाठी ठेवायचं?”

“ते राहू दे.”

“कोणासाठी?”

“तुझ्यासाठी,” हे म्हणाले, आणि आत गेले.

म्हणजे ह्यांना ठाऊक आहे, मी दुपारी परसात काय बघत बसते ते.

ता. २ ऑगस्ट

आडी महिन्याचं नवं पाणी कावेरीला आलं. गल्लीतल्या सगळ्या बायका कालवलेला भात घेऊन नदीवर पूजेला गेल्या. मला कोणी बोलावलं नाही. नदीकाठी मला धरून कोण बसणार? बरोबरच आहे.

काढा बंद केला. ह्यांना सांगितलं नाही.

ता. ९ ऑगस्ट

दुपारी दारात गाडी थांबली. सासूबाई हयूला छातीशी धरून उतरल्या. पदर सुटला होता, त्याचं भान नव्हतं.

“ताप नाही, काही नाही,” त्या म्हणाल्या. “खेळता खेळता ताठ झाला. डोळे फिरवले, तोंडाला फेस आला. काल एकदा, आज सकाळी पुन्हा. विजयलक्ष्मी घाबरून त्याला हात लावीना.” त्या उंबऱ्यातच टेकल्या. “तुझंच आलं आहे त्याला. काय करायचं असतं ग? मला सांग.”

मी हात पुढं केले.